जुन्या ऑनलाइन गेमची ओढ आणि गमावलेले कॅरेक्टर : रुग्ण व कुटुंबीयांसाठी माहिती

थोडक्यात

- ऑनलाइन रोल-प्लेइंग गेममधल्या आपल्या कॅरेक्टरवर जीव जडणे आणि जुन्या, अवघड गेमची आठवण येणे हा आजार नाही.
- अकाउंट बंद झाले, हॅक झाले किंवा घरच्यांनी डिलीट केले, तर होणारे दुःख खरे असते. त्याची थट्टा करू नये.
- खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळे मागे पडते आणि नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नाही, तेव्हा तपासणी गरजेची असते.
- सतत जुन्या गेममध्येच मन रमणे हे कधीकधी नैराश्य, एकटेपणा किंवा चिंतेचे लक्षण असते.
- मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर वाट पाहू नका. टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर चोवीस तासांत केव्हाही फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात जा.

एक उदाहरण

नागपूरजवळच्या वाडीत अमरावती रोडच्या दोन्ही बाजूंना ट्रान्सपोर्टची कार्यालये आणि गोदामे आहेत. तिथे हिशेब बघणारा पस्तिशीतला एक माणूस झोप लागत नाही म्हणून पत्नीसोबत दाखवायला येतो. (हे उदाहरण एका रुग्णाचे नाही. ओपीडीत नेहमी ऐकू येणाऱ्या अनेक गोष्टी एकत्र करून ते मांडले आहे.)

पत्नी सांगते, "डॉक्टर, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कुठल्यातरी जुन्या गेमचे व्हिडिओच पाहून राहतात. खेळत नाहीत, नुसतं पाहतात. विचारलं तर काही नाही म्हणतात."

तो आधी हसण्यावारी नेतो. मग म्हणतो, "नवीन गेम खेळून पाहिले, पण त्यात दम नाही. सगळं आयतं मिळतं. आम्ही कॅफेत तासाला पैसे देऊन खेळायचो. एक लेव्हल वाढवायला आठवडा लागायचा. माझं हिलर कॅरेक्टर होतं, दोन वर्षं वाढवलेलं. बारावीत बाबांनी समोर बसून डिलीट करायला लावलं." एवढे बोलून तो गप्प होतो. सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगताना त्याचे डोळे भरून येतात आणि त्याचे त्यालाच नवल वाटते.

असे वाटणारा तो एकटा नाही. हे का होते, त्यात काळजी करण्यासारखे कधी असते आणि घरच्यांनी काय करावे, ते पुढे दिले आहे.

रोल-प्लेइंग गेम इतर गेमपेक्षा वेगळा कसा?

कॅरम किंवा मोबाइलवरचा कोड्यांचा गेम संपला की संपतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम तसा संपत नाही. खेळणारा एक कॅरेक्टर तयार करतो, त्याला नाव देतो आणि योद्धा, जादूगार किंवा इतरांना बरे करणारा हिलर अशी त्याची भूमिका ठरवतो. ते कॅरेक्टर महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे वाढत जाते. त्याच जगात त्याच वेळी हजारो माणसे आपापली कॅरेक्टर घेऊन वावरत असतात. ती गट बनवतात, एकत्र मोहिमा करतात, भांडतात आणि समेटही करतात.

1997 चा अल्टिमा ऑनलाइन, 1999 चा एव्हरक्वेस्ट आणि 2004 चा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हे या प्रकारातले गाजलेले गेम. भारतात 2000 च्या दशकात रॅग्नारॉक ऑनलाइन हा गेम इथल्या सर्व्हरवर चालत होता आणि सायबर कॅफेंतून खेळला जायचा. पुढे तो सर्व्हर बंद झाला. आजची मुले जास्त करून मोबाइलवर खेळतात. बीजीएमआय किंवा फ्री फायर हे खरे तर नेमबाजीचे गेम आहेत, पण त्यांतही नाव, पोशाख, दर्जा आणि मित्रांचा गट जपावा लागतो. त्यामुळे कॅरेक्टरशी जडणारे नाते तिथेही दिसते.

कॅरेक्टरवर इतका जीव का जडतो?

*श्रम आणि वेळ.* ज्या गोष्टीसाठी आपण खपतो ती आपल्याला अधिक मोलाची वाटते. स्वतः लावलेल्या संत्र्याच्या झाडाकडे माणूस ज्या नजरेने पाहतो, त्या नजरेने बाजारातून आणलेल्या टोपलीकडे पाहत नाही. दोन वर्षे वाढवलेल्या कॅरेक्टरचेही तसेच आहे.

*स्वतःचे हवेसे रूप.* वर्गात मागच्या बाकावर बसणारा मुलगा गेममध्ये चाळीस जणांच्या तुकडीचा प्रमुख असू शकतो. ते कॅरेक्टर म्हणजे 'मी असा होऊ शकतो' याचा पुरावा असतो. याचा परिणाम वागण्यावरही होतो. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी 2007 मध्ये दाखवले की, आभासी जगात उंच शरीर मिळालेली माणसे वाटाघाटीत जास्त ठामपणे वागतात. या परिणामाला त्यांनी रूप बदलणाऱ्या ग्रीक देवतेवरून 'प्रोटियस परिणाम' असे नाव दिले.

*लोकांतली ओळख.* गेममधले मित्र आपल्याला कॅरेक्टरच्या नावाने ओळखतात. कॅरेक्टर गेले की ती ओळख आणि ती माणसेही हातची जातात.

*मनाच्या तीन गरजा.* मानसशास्त्रातल्या स्वयंनिर्णय सिद्धांतानुसार माणसाला तीन गोष्टी लागतात : आपल्याला काही येते ही जाणीव, स्वतः निवड करण्याची मोकळीक आणि आपली माणसे. चांगला रोल-प्लेइंग गेम या तिन्ही पुरवतो. घरात, शाळेत किंवा कामावर यांतले काही मिळत नसेल तर गेमची ओढ वाढते.

जुन्या अवघडपणाचीच आठवण का येते?

जुने गेम खेळणाऱ्याला सोपे जात नसत. एव्हरक्वेस्टमध्ये कॅरेक्टर मेले तर कमावलेला अनुभव कमी व्हायचा आणि सामान परत मिळवायला मृतदेहापर्यंत जावे लागायचे. सुरुवातीच्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मोठ्या मोहिमेसाठी चाळीस जणांना एकाच वेळी जमवावे लागायचे. आजच्या अनेक मोबाइल गेममध्ये कॅरेक्टर आपोआप लढते आणि अडले की पैसे देऊन पुढे जाता येते.

सहज मिळालेल्या यशाची आठवण फिकी पडते. अवघड कामात लक्ष पूर्ण गुंतते, वेळेचे भान राहत नाही आणि शेवटी मिळणारा आनंद खोलवर रुजतो. काम कौशल्याच्या थोडेसे वरचे असले की हा अनुभव येतो. मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी त्याला 'प्रवाह' म्हटले आहे. त्यामुळे "आता मजा नाही राहिली" ही तक्रार अगदीच खोटी नसते.

तिला आणखी दोन कारणे आहेत. एक म्हणजे वय. दहा ते तीस या वयातल्या आठवणी आयुष्यभर जास्त ठळक राहतात. दुसरे म्हणजे काळाची चाळणी. वाईट आठवणींची धार चांगल्या आठवणींपेक्षा लवकर बोथट होते. कॅफेतले लोडशेडिंग, अडकणारे इंटरनेट आणि घरी खाल्लेला मार विसरला जातो, जिंकलेली लढाई मात्र लक्षात राहते.

ही ओढ जगभर आहे. म्हणूनच जुन्या रूपातला रूनस्केप 2013 मध्ये आणि जुन्या रूपातला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट 2019 मध्ये कंपन्यांनी पुन्हा सुरू केला. 2023 मध्ये तर कॅरेक्टर एकदा मेले की कायमचे गेले, अशा नियमाचे सर्व्हरही आले. लोक अवघडपणा मुद्दाम शोधत आले.

मग ही आठवण आजार आहे का?

नाही. एकेकाळी मात्र तसे मानले जायचे. 1688 मध्ये योहानेस होफर या डॉक्टरने परदेशी चाकरीला गेलेल्या स्विस सैनिकांच्या घरओढीला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले आणि तो मेंदूचा विकार मानला. आजचे संशोधन वेगळे सांगते. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठातील अभ्यासांत दिसले की, उदास किंवा एकटे वाटत असताना अशा आठवणी जास्त येतात आणि त्या आल्यावर माणसांशी जोडले गेल्याची भावना वाढते. म्हणजे आठवण हे बऱ्याचदा मनाने स्वतःवर केलेले घरगुती औषध असते.

पण घरगुती औषध रोज, मोठ्या प्रमाणात घ्यावे लागत असेल तर मूळ दुखणे काय आहे ते पाहिले पाहिजे. आठवण काढून बरे वाटले आणि माणूस कामाला लागला, तर काळजी नाही. आठवणीनंतर आज आणखी रिकामा वाटू लागला, झोप उडाली, माणसांशी बोलणे कमी झाले, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते.

कॅरेक्टर गमावल्याचे दुःख

भारतात सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइलवर आणि फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर सरकारी बंदी आली. पबजी मोबाइलच्या जागी 2021 मध्ये बीजीएमआय आला तेव्हा जुने अकाउंट तिकडे नेण्याची सोय होती. अशी सोय नेहमी नसते. अकाउंट हॅक होते, सर्व्हर बंद पडतो, फोन चोरीला जातो किंवा रागाच्या भरात घरचे डिलीट करतात.

त्यानंतर काही दिवस रडू येणे, राग, चिडचिड, भूक कमी होणे, पुन्हापुन्हा फोन उघडून पाहणे हे शोकाचे नेहमीचे टप्पे आहेत. या दुःखात एक जादा अडचण असते : ते कोणी दुःख म्हणून मान्य करत नाही. शेजारची आजी गेली तर लोक भेटायला येतात. कॅरेक्टर गेले तर "गेमच तर होता" म्हणतात. मान्यता न मिळालेले दुःख आत दबून राहते. वरच्या उदाहरणातल्या माणसाचे तेच झाले.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीन या तरुणाची गोष्ट इथे आठवते. त्याला ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा असाध्य आजार होता. आईवडिलांना वाटे की मुलगा खोलीत एकटाच गेम खेळत आयुष्य घालवतो आहे. 2014 मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या ब्लॉगवर वडिलांनी ही बातमी दिली, तेव्हा वेगवेगळ्या देशांतून पत्रे येऊ लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये तो 'इबेलिन' या नावाने अनेकांचा जवळचा मित्र होता. काही जण परदेशांतून अंत्यविधीला आले. त्याच्यावर 2024 मध्ये माहितीपटही आला. प्रत्येक मुलाच्या गेममागे असेच काही असेल असे नाही. पण न विचारता ते कळणारही नाही.

आजार कधी म्हणायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' चा समावेश आहे. हे वर्गीकरण 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. त्यानुसार तीन गोष्टी पाहतात :

1. कधी, किती वेळ, कुठे खेळायचे यावर ताबा न राहणे.
2. इतर आवडी आणि रोजच्या कामांपेक्षा गेमला वाढते महत्त्व मिळणे.
3. नुकसान होत असूनही खेळणे चालू राहणे किंवा वाढणे.

यामुळे घर, शिक्षण, नोकरी किंवा नातेसंबंधांत ठळक बिघाड झालेला असावा लागतो. हे साधारण 12 महिने दिसावे लागते. लक्षणे तीव्र असतील तर कमी काळातही निदान होऊ शकते.

यात तासांचा आकडा कुठेच नाही, हे लक्षात घ्या. सुटीत रोज चार तास खेळून अभ्यास, झोप आणि मित्र सांभाळणारा मुलगा आजारी नाही. दोनच तास खेळणारा, पण त्यासाठी शाळा बुडवणारा आणि घरातून पैसे घेणारा मुलगा तपासण्यासारखा आहे. खेळणाऱ्यांपैकी थोड्यांनाच हा आजार होतो.

कोणते आजार मागे लपलेले असू शकतात?

गेम हे कारण आहे की आसरा, हे डॉक्टरांना आधी ठरवावे लागते. नैराश्य, लोकांत मिसळण्याची भीती, एडीएचडी, स्वमग्नता, शाळेतली दादागिरी आणि घरातले सततचे भांडण ही नेहमी सापडणारी कारणे आहेत. यांवर उपचार झाले की गेमची ओढ अनेकदा आपोआप सैल होते. मूळ कारण तसेच ठेवून नुसता गेम बंद केला, तर मूल दुसरा आसरा शोधते.

घरच्यांनी काय करावे?

*अकाउंट डिलीट करू नका, फोन फोडू नका.* ओपीडीत सर्वांत जास्त पश्चात्ताप याच गोष्टीचा ऐकायला मिळतो. त्याने खेळणे थांबते असे नाही, विश्वास मात्र तुटतो. अचानक सगळे काढून घेतल्यावर काही मुले संतापाच्या भरात स्वतःला इजा करू शकतात. मर्यादा जरूर घाला, पण सांगून आणि टप्प्याटप्प्याने.

*आधी विचारा.* "दिवसभर त्यात काय करून राहिला?" असे ओरडण्याऐवजी शेजारी बसून म्हणा, "बेटा, तुझं कॅरेक्टर दाखव बरं. याचं नाव काय? हे मिळवायला किती दिवस लागले?" दहा मिनिटे ऐकल्यावर मुलाला नेमके काय हवे आहे, ते समजू लागते : जिंकणे, मित्र, की फक्त घरातल्या आवाजापासून सुटका.

*वेळ मिळून ठरवा.* गटाची मोहीम अर्ध्यात सोडली तर मित्रांचे नुकसान होते. म्हणून "आत्ताच्या आत्ता बंद कर" याऐवजी "ही मोहीम झाली की जेवायला ये" हे जास्त पाळले जाते. झोपायच्या एक तास आधी खेळ बंद आणि रात्री फोन खोलीबाहेर, हा नियम आईवडिलांनीही पाळावा.

*पैशांवर लक्ष ठेवा.* आवडते कॅरेक्टर मिळेल या आशेने नशिबाची पेटी पुन्हापुन्हा विकत घेणे हे जुगाराच्या फार जवळ जाते. मुलाच्या फोनवर यूपीआय किंवा कार्ड जोडून ठेवू नका. अकाउंट विकत देतो किंवा जुने कॅरेक्टर परत मिळवून देतो, असे सांगणाऱ्यांपासून सावध राहा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

आठवण स्वतःला येत असेल तर

एका कागदावर लिहा : मला नेमके काय आठवते? बहुतेकांचे उत्तर चारांपैकी एक असते.

- *आव्हान :* मग आजच्या आयुष्यात हळूहळू अवघड होत जाणारे काही शोधा. पोहणे, लांब पल्ल्याची सायकल, बुद्धिबळ, तबला, नवी भाषा. प्रगती मोजता आली पाहिजे.
- *माणसे :* जुन्या मित्रांना शोधून फोन करा. गेमपेक्षा तेच जास्त हवे असतात, असे अनेकदा निघते.
- *तेव्हाचा मी :* त्या वयातला मोकळेपणा परत येत नाही. पण आज कामात आपल्या हाती काहीच नाही असे वाटत असेल, तर त्यावर बोलायला हवे.
- *अपुरा राहिलेला निरोप :* कॅरेक्टरचे नाव, त्याची कामगिरी आणि ते कसे गेले हे लिहून काढा किंवा विश्वासातल्या माणसाला सांगा.

जुना गेम पुन्हा खेळायलाही हरकत नाही. आठवड्यातले दिवस आणि वेळ आधी ठरवा. पहिल्या काही दिवसांत निराशा वाटू शकते, कारण गेम तोच असला तरी आपण बदललेलो असतो. रात्री उशिरापर्यंत नुसते व्हिडिओ पाहत राहणे मात्र टाळा. त्यात ना आव्हान असते, ना मित्र, आणि झोपही जाते.

उपचार काय असतात?

डॉक्टर आधी झोप, मनःस्थिती, अभ्यास किंवा काम, घरचे वातावरण आणि खेळण्याची पद्धत यांची सविस्तर माहिती घेतात. मुख्य उपचार म्हणजे समुपदेशन. त्यात विचार आणि वागणूक बदलण्याची सीबीटी ही पद्धत वापरतात आणि कुटुंबाशीही बोलतात. गेमिंग डिसऑर्डरसाठी खास असे मान्यताप्राप्त औषध नाही. सोबत नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी असेल तर त्याची औषधे दिली जातात. ती स्वतःच्या मनाने सुरू किंवा बंद करू नयेत.

मदत कुठे मिळेल?

वाडी आणि परिसरातल्या लोकांना नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे मेयो, मिहानमधले एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय इथे मानसोपचार तज्ज्ञांना दाखवता येते. मनोरुग्णालयाच्या नावाला घाबरू नका. ओपीडीत दाखवणे म्हणजे भरती होणे नव्हे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' हे खास क्लिनिक 2014 पासून चालते. घरून बोलायचे असेल तर टेली-मानस 14416 वर मराठीतही बोलता येते.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मुलगा कॅरेक्टरशी बोलतो, त्याच्या नावाने स्वतःला हाक मारतो. हे वेड आहे का?*
खेळापुरते असेल आणि हा गेम आहे हे त्याला ठाऊक असेल तर नाही. पण गेम बंद असतानाही कॅरेक्टरचे आवाज ऐकू येतात किंवा ते आज्ञा देते असे तो म्हणत असेल, तर लगेच मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा.

*आम्ही दोन वर्षांपूर्वी मुलाचे अकाउंट डिलीट केले. आता काय करावे?*
चूक मान्य करा. "तुझ्या अभ्यासाची भीती वाटली म्हणून केलं, पण तुला विचारायला हवं होतं" एवढे वाक्य बरेच काम करते. त्याने लगेच माफ करावे अशी अपेक्षा ठेवू नका.

*लग्न झालेल्या, कमावत्या माणसाला असे होते का?*
हो. सुरुवातीला सांगितलेल्या उदाहरणात माणसाला सौम्य नैराश्य होते. समुपदेशनात त्याने कॅफेतल्या चार मित्रांची नावे लिहिली. त्यातले दोघे हिंगणा रोडलाच राहत होते. आता ते महिन्यातून एका रविवारी भेटतात. झोप सुधारायला दोन महिने लागले. वडिलांशी त्या डिलीट केलेल्या अकाउंटबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मला वाटलं होतं, नुसता खेळ आहे." त्या बोलण्याने त्याचे ओझे पूर्ण उतरले नाही, पण रात्रीचे व्हिडिओ पाहणे त्यानंतर कमी झाले.

*ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. निदान आणि उपचारांसाठी आपल्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटा.*